वारशाने आलेली दुनळी बंदूक : जीर्णोद्धार आणि जतन

जीर्णोद्धार हा शब्द मराठीत रुळला तो मुख्यतः देवळांच्या संदर्भात. त्या क्षेत्रात त्याचा जो अनुभव येतो तो सर्वस्वी सुखावह नाही. ढासळलेला कळस पुन्हा उभा राहतो, गाभाऱ्यात गुळगुळीत फरशी येते, आणि ज्या शिळेवर देवालय कोणी व केव्हा बांधले हे कोरलेले असते तिच्यावर ऑइलपेंटचे दोन थर चढून ती कायमची मुकी होते. वस्तू नवी झाली, पण ती कोणाची व कधीची हे सांगणारा पुरावा गेला, असा हा व्यवहार आहे. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या जुन्या दुनळी बंदुकीच्या बाबतीत हाच व्यवहार अधिक लहान प्रमाणावर, परंतु अधिक धोक्याने घडतो. देवळाचा लेख पुसला गेला तर इतिहासाचे नुकसान होते. बंदुकीवरची चिन्हे पुसली गेली तर त्याखेरीज कायद्याचा भंग होतो, आणि ती नळी पेलवेल एवढा दाब कोणता हे सांगणारा एकमेव साक्षीदारही नाहीसा होतो.

ह्या विषयाचा विचार एखाद्या विशिष्ट स्थळाच्या संदर्भात करणे सोयीचे होईल. नाशिकरोडपासून थोड्याच अंतरावर, गोदावरीच्या काठी वसलेले एकलहरे हे गाव आज औष्णिक वीजकेंद्रामुळे सर्वांना ठाऊक आहे. १९७० च्या सुमारास तेथील पहिले संच सुरू झाले. त्यापूर्वी हा सगळा टापू नदीकाठच्या शेतीचा होता. येथून नदीच्या प्रवाहाबरोबर पूर्वेकडे गेले की निफाड तालुक्यातील नांदूरमध्यमेश्वरचा जलाशय लागतो. हिवाळ्यात तेथे उतरणाऱ्या पाणपक्ष्यांमुळे १९८६ मध्ये त्यास अभयारण्याचा दर्जा मिळाला, आणि पुढे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ होण्याचा मानही त्यास लाभला. पलीकडे देवळालीची जुनी लष्करी छावणी. शेताची राखण, नदीकाठी उतरणारी बदके, छावणीच्या निमित्ताने वावरणारा साहेब आणि गावातील पाटीलकीचा मान, अशा परिस्थितीत सुस्थितीतील शेतकरी घरात परवान्याची एखादी बाराबोर बंदूक असणे ही एके काळी नवलाची गोष्ट नव्हती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने, आणि त्यातील १९९१ च्या दुरुस्तीने तर निःशेषपणे, हौसेच्या शिकारीचा काळ संपविला. बंदुका मात्र राहिल्या. वाड्याच्या माळ्यावर, कपाटामागे, कॅनव्हासच्या खोळीत गुंडाळलेल्या अशा बंदुका आजोबांच्या मागे नातवाच्या हाती येतात, आणि ‘ही पूर्ववत करून घ्यावी’ असा विचार साहजिकच त्याच्या मनात येतो.

हा विचार मनात आल्यावर पहिले पाऊल कारागिराकडे नव्हे, तर पोलीस ठाण्याकडे टाकावे लागते. परवाना हा व्यक्तीचा असतो, घराण्याचा नसतो. परवानाधारक मृत्यू पावला की त्याच क्षणापासून घरातील इतरांचा त्या शस्त्रावरील ताबा कायदेशीर राहत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या एकविसाव्या कलमानुसार अशा वेळी ते शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रमुखाकडे, किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे, ठेव म्हणून द्यावे लागते. त्यानंतर वारसाने हद्दीप्रमाणे पोलीस आयुक्त अथवा जिल्हादंडाधिकारी यांच्याकडे स्वतःच्या नावे परवाना मागावयाचा असतो. तो मिळाला की शस्त्र परत मिळते. न मिळाल्यास ते अधिकृत व्यक्तीस विकता येते. आणि विहित मुदतीत यांपैकी काहीच न झाल्यास ते सरकारजमा होऊ शकते. २०१६ च्या शस्त्र नियमांत वृद्ध परवानाधारकास आपल्या हयातीतच वारसाच्या नावे परवाना मिळावा अशी व्यवस्था करण्याची तरतूद आहे. तिचा उपयोग जितका व्हावा तितका होत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली, आणि वारसाहक्काने मिळणाऱ्या शस्त्रालाही हीच मर्यादा लागू केली. म्हणजे ज्याच्याकडे आधीच दोन शस्त्रे आहेत त्याला आजोबांची बंदूक केवळ भावनेच्या आधारावर ठेवून घेता येत नाही.

ठेवीचा काळ हा बंदुकीला फार वाईट जातो. ओलसर कापडात गुंडाळलेले लोखंड एका पावसाळ्यात जितके खराब होते तितके ते कोरड्या माळ्यावर दहा वर्षांत होत नाही. म्हणून ठेव देताना नळ्यांना आतून-बाहेरून तेलाचा हलका हात फिरविणे, सर्व बाजूंची छायाचित्रे काढणे, आणि पावतीवर बंदुकीचा क्रमांक अचूक लिहून घेणे, ही तिन्ही कामे ठाण्यात जाण्यापूर्वीच्या एका तासात उरकता येतात. बंदूक हाती घेताच ती उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत याची खात्री करून घ्यावी, हे निराळे सांगण्याची गरज नसावी. तथापि वर्षानुवर्षे पडून असलेल्या शस्त्रात भरलेले काडतूस सापडणे, आणि ठासणीच्या बंदुकीत तर दारू व छर्रे जसेच्या तसे निघणे, हे अगदी अशक्य नसते.

आता बंदुकीकडे वळता येईल. दुनळी बंदुकीचे वाचन नावापासून सुरू करण्याचा मोह होतो, आणि तेथेच पहिली फसगत होते. दोन नळ्यांना जोडणाऱ्या वरच्या पट्टीवर ठळक अक्षरांत जे नाव कोरलेले असते ते पुष्कळदा बनविणाऱ्याचे नसून विकणाऱ्याचे असते. कलकत्त्याच्या मँटन, लायन अँड लायन किंवा रॉडा यांसारख्या पेढ्यांची नावे असलेल्या अनेक बंदुका प्रत्यक्षात इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या कारखान्यांत घडविल्या गेल्या. (रॉडा कंपनीचे नाव महाराष्ट्रातील वाचकास बंदुकीपेक्षा १९१४ साली बंगाली क्रांतिकारकांनी पळविलेल्या तिच्या माउझर पिस्तुलांमुळे अधिक परिचित असेल.) बेल्जममधील लिएज शहरानेही अशा बंदुका मोठ्या संख्येने जगभर पाठविल्या, आणि त्यांतील काहींवर नामांकित इंग्रज कारागिरांच्या नावांशी हेतुपुरस्सर साम्य राखणारी नावे कोरलेली आढळतात. पट्टीवरचे नाव हे दुकानाच्या पाटीसारखे समजावे. खरा जन्मदाखला दुसरीकडे असतो.

तो दाखला पाहण्यासाठी बंदूक उघडून पुढचा लाकडी भाग काढावा आणि नळ्या वेगळ्या कराव्यात. नळ्यांच्या मागच्या टोकाच्या खालच्या बाजूस, जो सपाट भाग एरवी झाकलेला राहतो, तेथे लहान लहान शिक्के दिसतात. ते शोभेसाठी नाहीत. इंग्लंडात कोणतीही नळी विकण्यापूर्वी नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक दारूचा बार तिच्यातून काढून ती तग धरते की नाही हे पाहण्याची सक्ती होती. लंडनमध्ये हे काम १६३७ च्या सनदेने स्थापन झालेला बंदूककारांचा संघ करीत असे. बर्मिंगहॅममध्ये त्यासाठी १८१३ साली पार्लमेंटच्या कायद्याने स्वतंत्र चाचणीगृह निघाले. परीक्षेत उतरलेल्या नळीवर शिक्का पडे. मुकुटाखाली एकमेकांस छेदणारे दोन राजदंड आणि भोवती अक्षरे, असे चिन्ह असल्यास ती नळी बर्मिंगहॅमला १८१३ ते १९०४ या काळात तपासली गेली. मुकुटाखाली ‘बी पी’ आणि ‘बी व्ही’ ही रोमन अक्षरे असल्यास ती १९०४ नंतरची. ‘गोळीसाठी नव्हे’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द आढळल्यास काळ १८७५ ते १८८७ च्या दरम्यानचा ठरतो. नळीचे तोंड किंचित अरुंद करण्याची, म्हणजे चोकची, पद्धत तेव्हा नव्याने रूढ होत होती, आणि तशा नळीतून अखंड गोळी उडविणे धोक्याचे होते. लिएजची खूण म्हणजे लंबगोलात ‘ई एल जी’ ही अक्षरे. त्यावर मुकुट असल्यास ती १८९३ किंवा त्यानंतरची.

ह्या सर्व चिन्हांत वारसाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे चिन्ह म्हणजे बर्मिंगहॅमच्या १९०४ नंतरच्या शिक्क्यांतील मुकुटाखालचे ‘एन पी’. जुन्या बंदुका काळ्या दारूसाठी घडविल्या गेल्या होत्या. गंधक, कोळसा आणि सोरा यांची ही दारू जळताना दाट धूर करते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धूररहित, म्हणजे नायट्रोसेल्युलोजवर आधारलेली दारू आली आणि शतक संपता संपता ती सर्वत्र पसरली. तिचे जळणे निराळ्या जातीचे, आणि तिच्यासाठी नळीची परीक्षाही निराळी घ्यावी लागली. ती परीक्षा उत्तीर्ण झाल्याची खूण म्हणजे ‘एन पी’. ती नसेल, तर त्या नळीने आपली परीक्षा फक्त काळ्या दारूवर दिली आहे असेच धरून चालावे लागते. आज बाजारात मिळणारे प्रत्येक सर्वसाधारण काडतूस धूररहित दारूचे असते. आजोबा हीच बंदूक वापरीत होते हा युक्तिवाद येथे टिकत नाही. नळी फुटण्यापूर्वी शंभर वेळा फुटत नाही, हे त्या युक्तिवादाने सिद्ध होते, त्याहून अधिक काही नाही.

चिन्हांजवळच आकडे असतात. ‘बारा बोर’ ह्या नावाचा अर्थच पुष्कळांना माहीत नसतो. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यांपैकी एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोरची नळी. हिशेबाने तिचा व्यास ०.७२९ इंच, म्हणजे सुमारे १८.५ मिलिमीटर येतो. गोळ्यांची संख्या वाढली की गोळी लहान होते. म्हणून तेरा हा आकडा बारापेक्षा अरुंद नळीचा. चाचणीगृह प्रत्यक्ष मोजलेला आकडा नळीवर छापीत असे, आणि बाराबोर म्हणून विकलेल्या कित्येक बंदुकांवर ‘१३’ असा शिक्का दिसतो. त्यात चूक काही नाही. बारा बोरचे काडतूस घेणारी ती किंचित अरुंद नळी होय. खरे महत्त्व आहे ते त्या आकड्याची आजच्या मापाशी तुलना करण्यात. शिक्का १३ चा, म्हणजे ०.७१० इंचाचा, आणि आज आतून मोजले असता ०.७२९ भरले, तर दरम्यानच्या काळात कोणीतरी गंज काढण्यासाठी नळी आतून घासून सुमारे एकोणीस सहस्रांश इंच रुंद केली आहे. दिसायला ती आरशासारखी चकचकीत असेल. परंतु जी नळी चाचणीत उतरली ती ही नव्हे. विलायती नियमांप्रमाणे व्यास ठराविक मर्यादेपलीकडे वाढला की पूर्वीचा शिक्का निरर्थक ठरतो आणि परीक्षा पुन्हा द्यावी लागते.

अशा रुंदावलेल्या नळीत पाहावयाचे ते भिंतीच्या जाडीकडे. काडतूस बसते तेथे भिंत जाड असते. तोंडाच्या दिशेने ती झपाट्याने पातळ होत जाते, कारण बंदूक हलकी आणि हाती सुटसुटीत राहावी लागते. नळीच्या लांबीच्या मध्यापुढे ही जाडी एक मिलिमीटरहूनही कमी असणे स्वाभाविक आहे, आणि वीस सहस्रांश इंच, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर, ह्याच्या खाली गेलेली नळी इंग्रज कारागीर संशयास्पद मानतात. हे माप डोळ्यांनी किंवा साध्या कॅलिपरने घेता येत नाही. त्याला लांब दांड्याचे खास उपकरण लागते. आतून चमकणारी नळी चांगली आणि काळवंडलेली वाईट, हा सर्वसामान्य समज यामुळेच उलटा ठरू शकतो. आत काही ठिपके राहिलेली पण पूर्ण जाडीची नळी ही गुळगुळीत पण कागदासारख्या नळीपेक्षा अधिक विश्वासार्ह होय.

विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंतच्या बहुतेक बंदुकांच्या नळ्यांवर एक विलक्षण नक्षी दिसते. पाण्यावरच्या तरंगांसारख्या, कधी लहान लहान वलयांच्या ओळी. ह्याला दमास्कस नळी म्हणतात. नावामुळे असा ग्रह होतो की, दक्खनच्या मुशीतील पोलादापासून ज्या तलवारी घडत त्याच जातीचे हे काम असावे. तसे ते नाही. तलवारीतील नक्षी धातू गोठताना आपोआप उमटते. नळीतील नक्षी ही जोडकामाची आहे. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकमेकींवर रचून तापवीत, ठोकून त्यांची सळई करीत, ती सळई दोरीसारखी पिळीत, अशा दोन-तीन पिळलेल्या सळया शेजारी शेजारी जोडून त्यांची फीत बनवीत, आणि ती फीत लोखंडी गजाभोवती वेटोळी गुंडाळून तापवून ठोकून एकजीव करीत. गज काढून घेतला की नळी उरे. म्हणजे अशी नळी ही आदिपासून अंतापर्यंत सांधाच सांधा आहे. प्रत्येक सांध्यात क्वचित राखेचा किंवा धातूमळाचा कण अडकून राहिलेला असतो, आणि तेथून गंज आत शिरतो. तो बाहेरून दिसतोच असे नाही. काही दमास्कस नळ्या नायट्रो परीक्षेतही उतरल्या आहेत, म्हणून ही जातच टाकाऊ असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु शंभर पावसाळे पाहिलेल्या विशिष्ट नळीविषयी त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

पावसाळ्यांचा उल्लेख केवळ काव्यमय नाही. जुन्या काडतुसांच्या टोपीत जे क्षारयुक्त स्फोटक असे, त्याच्या ज्वलनानंतर नळीत पोटॅशियम क्लोराइड हे मिठाच्या जातीचे द्रव्य उरे. मीठ जसे पावसाळ्यात पाणी सोडते तसेच हेही हवेतील ओल ओढून घेते, आणि ती ओल थेट लोखंडावर बसते. तेलात मीठ विरघळत नाही. म्हणून बार काढल्यानंतर नुसते तेल लावणाऱ्याच्या नळीत तेलाखाली गंज चालूच राही. जुने शिकारी नळीतून उकळते पाणी ओतीत, मग ती कोरडी करीत आणि नंतर तेल लावीत. ही रीत अडाणीपणाची वाटली तरी ती रसायनशास्त्राला धरून होती.

आणखी एक धोका असा आहे की, तो नीट समजावून घेतल्याखेरीज लक्षातच येत नाही. जुन्या इंग्रजी बाराबोर बंदुकांतील काडतुसाचे घर बहुधा अडीच इंचाचे असते, आजचे सर्वसाधारण काडतूस ७० मिलिमीटरचे, म्हणजे पावणेतीन इंचाचे. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातील ‘शक्तिमान’ काडतुसे भारतात सर्वपरिचित आहेत. तीही आज ह्याच मापात मिळतात. वाचकास वाटेल की, लांब काडतूस आखूड घरात बसणारच नाही आणि चूक आपोआप उघडकीस येईल. तसे होत नाही. पेटीवर छापलेली लांबी ही बार उडाल्यावर तोंडाची दुमड उलगडून जी रिकामी नळकांडी उरते तिची असते. न उडालेले काडतूस दुमडीमुळे बरेच आखूड असते. ते जुन्या घरात सहज बसते, बंदूकही विनातक्रार मिटते. चाप ओढताच दुमड उलगडते आणि तिला जागा न उरल्यामुळे ती पुढच्या निमुळत्या भागात घुसते. छर्रे जावयाची वाट ऐन दाबाच्या क्षणी अरुंद होते, आणि दाब वाढतो. काळ्या दारूच्या परीक्षेची, घासून पातळ झालेली दमास्कस नळी, आणि तिच्यात हे काडतूस, असा योग जुळून आला तर डावा हात नेमका जेथे नळी धरतो तेथे ती फाटण्याचा संभव असतो. घराची लांबी मोजण्याचे काम परवानाधारक कारागीर काही क्षणांत करतो. ते केल्याखेरीज एकही बार काढू नये.

नळ्या दोन आहेत, आणि त्या एकमेकींना कशाने जोडलेल्या आहेत हे ठाऊक नसल्यामुळे पुष्कळ चांगल्या बंदुका दुरुस्तीतच बिघडल्या आहेत. मागच्या टोकाशी त्यांचा जोड पितळी, म्हणजे मोठ्या उष्णतेचा असतो. पण वरची आणि खालची पट्टी बहुधा कथलाच्या साध्या डाकाने बसविलेली असते. हा डाक शाबूत आहे की नाही हे पाहण्याची युक्ती नाशिकच्या भांडीबाजारातील कोणाही तांबटाला शिकवावी लागणार नाही. नळ्या मागच्या आकड्याला धाग्याने अडकवून टांगाव्या आणि लाकडाच्या लहान तुकड्याने हलकेच ठोकाव्या. घंटेसारखा लांबणारा नाद आला तर जोड एकसंध आहे. भेगाळलेल्या भांड्यासारखा बद्द आवाज आला तर पट्टी कोठेतरी सुटली आहे, आणि त्या फटीतून शिरलेले पाणी आत वर्षानुवर्षे काम करीत आहे.

ह्या डाकामुळेच बंदुकीला पुन्हा काळा रंग चढविण्याचा प्रश्न नाजूक होतो. आजच्या कारखान्यांत पोलाद काळे करण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे तीव्र अल्कलीच्या उकळत्या द्रावणात ते बुडवून काढणे. एकनळी बंदुकीला किंवा पिस्तुलाला ती चालते. दुनळी बंदुकीचा डाक मात्र हे द्रावण खाऊन टाकते, पट्ट्या सुटतात, आणि फटीत राहिलेले द्रावण पुढे झिरपत राहते. दमास्कसची नक्षीही ह्या रीतीने नष्ट होते. जुनी रीत संथ आहे. नळी पूर्ण निर्मळ करून तिच्यावर सौम्य क्षारद्रावणाचा पातळ हात द्यावयाचा, ओलसर हवेत तिच्यावर मुद्दाम बारीक गंज येऊ द्यावयाचा, तो तारेच्या मऊ ब्रशाने उतरवावयाचा, आणि हेच कित्येक वेळा करावयाचे. प्रत्येक फेरीत नळी उकळत्या पाण्यात ठेवली तर तांबडा ऑक्साइड काळ्या ऑक्साइडमध्ये पालटतो. न उकळता सोडली तर तपकिरी छटा राहते. ज्या गंजाने नळी खाल्ली त्यालाच शिस्त लावून तिचे कवच बनवावयाचे, अशी ही प्रक्रिया आहे. तिला दिवस लागतात. म्हणून ‘उद्या घेऊन जा’ म्हणणाऱ्याकडे दुनळी बंदूक देऊ नये.

रंगापूर्वी घासणे येते, आणि सर्वांत मोठे अनर्थ तेथेच होतात. फिरत्या चाकावर पॉलिश केलेली बंदूक पाहणाऱ्यास नवी वाटते. जाणकारास ती विद्रूप वाटते. कडा गोल होतात, कोरीवकामातील बारीक रेषा पुसट होतात, स्क्रूंच्या भोवतीचे पोलाद खोलगट होते. परंतु ह्याहून गंभीर गोष्ट अशी की, शिक्के आणि क्रमांक पुसले जातात. शस्त्र अधिनियमाच्या आठव्या कलमाने बंदुकीवरील नाव, क्रमांक किंवा ओळखचिन्ह पुसणे, काढणे अथवा बदलणे यास मनाई केली आहे; आणि असे चिन्ह पुसलेले शस्त्र ज्याच्याकडे सापडेल त्यानेच ते पुसले असे, उलट सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरले जाते. परवान्याच्या पुस्तकात जो क्रमांक आहे तोच बंदुकीवर वाचता आला नाही, तर वारसाची स्थिती काय होईल ह्याची कल्पना करणे कठीण नाही. हौसेने चकचकीत केलेली बंदूक ही कायद्याच्या दृष्टीने अनोळखी बंदूक होऊन बसते. मूळ क्रमांक सामान्यतः नळ्यांवर, ॲक्शनवर आणि पुढच्या लाकडाच्या लोखंडी भागावर, असा एकाहून अधिक ठिकाणी असतो. ते सर्व जुळतात की नाही हे प्रथमच पाहून नोंदवून ठेवावे. न जुळल्यास दोन बंदुकांची मिळून एक बंदूक झाली आहे.

दुरुस्तीची सीमाही कायद्यानेच आखलेली आहे. बंदुकीची दुरुस्ती करण्याचा धंदा परवान्याशिवाय चालविता येत नाही, आणि गंजलेले तोंड कापून नळी आखूड करणे ह्यालाही स्वतंत्र परवाना लागतो. गावातील लोहार किंवा अंबड-सातपूरच्या वसाहतीतील कुशल टर्नर कितीही हुशार असला तरी हे काम त्याचे नव्हे. नळ्या बंद केल्यावर बिजागरीत खेळ राहणे, चाप अति हलका होणे, खटका न लागणे, नळीला पोचा पडणे, ही सगळी कामे परवानाधारकाची. घरी करावयाचे उरते ते थोडे, आणि ते थोडेच राहू द्यावे. मऊ कापड, हलके तेल, तांबड्या गंजाच्या ठिपक्यांवर तेलात भिजवून अगदी हलक्या हाताने फिरविलेला मऊ काथ्या, आणि खाचेत नेमका बसणारा स्क्रूड्रायव्हर हाताशी नसेल तर एकाही स्क्रूला हात न लावणे. जुन्या बंदुकीच्या स्क्रूंच्या खाचा एका रेषेत जुळविलेल्या असतात. त्या फाटलेल्या दिसल्या की पूर्वी कोणीतरी घाई केली आहे हे ओळखावे.

लाकडाची गोष्ट काहीशी अधिक आशादायक आहे. दस्ता बहुधा अक्रोडाचा असतो. बंदूक वर्षानुवर्षे दस्ता खाली टेकून उभी ठेवली की कुलपातील तेल हळूहळू उतरून लाकडाच्या डोक्याशी मुरते. तेथे ते काळे पडते, मऊ होते आणि बार उडाल्याच्या धक्क्याने चिरते. खडूची भुकटी आणि तेल विरघळविणारे द्रव्य यांचा लेप देऊन हे मुरलेले तेल बरेचसे ओढून काढता येते. त्यानंतर जवसाच्या तेलाचे पातळ हात, प्रत्येक हात पूर्ण वाळू देऊन, द्यावेत. चमकदार वार्निश वा फर्निचरचे लाखी पॉलिश येथे परके दिसते. पकडीवरच्या बारीक चौकड्या झिजलेल्या असल्या तर त्या पुन्हा कोरून काढण्यापेक्षा तशाच ठेवाव्यात. त्या ज्या हाताने झिजल्या तो हात घराण्यातलाच आहे. दस्त्याच्या खालच्या बाजूस चांदीची लहान लंबगोल चकती असून तिच्यावर रोमन आद्याक्षरे कोरलेली असल्यास, ती पहिल्या मालकाची असतात, आणि ती घराण्याच्या नावाशी जुळत नसतील तर बंदूक येथे येण्यापूर्वी दुसऱ्या कोणाची होती हे कळते. इंग्लंडातील काही जुन्या पेढ्यांची विक्रीपुस्तके आजही जतन केलेली आहेत. क्रमांक शाबूत असेल तर त्यांत मूळ गिऱ्हाइकाचे नाव निघू शकते. क्रमांक घासला गेला की हा दरवाजाही बंद होतो.

येवढ्या तपासणीनंतर वारसापुढे निवड उरते, ती प्रामाणिकपणे करावयास हवी. नळीची जाडी, व्यास, घराची लांबी, नाद आणि शिक्के हे सर्व अनुकूल असतील, तर योग्य काडतुसांनिशी बंदूक वापरात राहू शकते. त्यांपैकी एकही प्रतिकूल असेल तर ती भिंतीवर शोभेल, खांद्याला नाही. ‘निदान दिवाळीत एखादा बार’ हा आग्रह अशा वेळी घरातील वडीलधारी मंडळीच धरतात. त्यास नकार देणे हे नातवाला अवघड जाते, म्हणून कारागिराकडून मापांचा लेखी अभिप्राय घेणे हितावह ठरते.

येथे एका गैरसमजाचा निर्देश करणे अवश्य आहे. जुनी झाली, गंजली, म्हणून बंदुकीस परवाना लागत नाही असे अनेकांना वाटते. कायद्याच्या पंचेचाळिसाव्या कलमात जुनाट घडणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडलेल्या शस्त्रांना सूट आहे हे खरे. परंतु ती सूट फक्त अशा शस्त्राला आहे की जे दुरुस्त करून वा न करता कोणत्याही प्रकारे बंदूक म्हणून वापरता येणार नाही. ‘दुरुस्त करून’ हे शब्द निर्णायक आहेत. मध्यभागी आघात होणाऱ्या काडतुसाची दुनळी बंदूक ही थोड्या दुरुस्तीने पुन्हा चालू होणारी वस्तू असल्याने, कितीही गंजलेली असली तरी ती ह्या सुटीत सहजासहजी बसत नाही. परवाना घ्यावा लागतो, किंवा अधिकृत रीतीने ती कायमची निकामी करून घ्यावी लागते, आणि दुसरा मार्ग पत्करल्यास नळीला पडलेले भोक परत बुजत नाही हे ध्यानी ठेवावे. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंना पुराणवस्तू अधिनियम १९७२ लागू होतो. परदेशी असलेल्या नातलगाकडे अशी बंदूक आठवण म्हणून पाठविण्याचा बेत त्यामुळेच मनात आणू नये.

जतनाचे नियम थोडे आहेत. कातडी किंवा कॅनव्हासची खोळ प्रवासापुरतीच. कमावलेल्या कातड्यातील आम्ल आणि कॅनव्हासमधील ओल हे दोन्ही लोखंडाचे शत्रू होत. मृगापासून दसऱ्यापर्यंत दर पंधरवड्याला नळ्या पुसून तेलाचा पातळ हात द्यावा. पातळ म्हणजे बोटाला लागेल, पण ओघळणार नाही इतका. तेल दिल्यानंतर पहिले एक-दोन दिवस बंदूक तोंड खाली करून ठेवावी, म्हणजे जास्तीचे तेल लाकडात न उतरता नळीच्या तोंडावाटे निघून जाईल. घोडे चढवून ठेवू नयेत. कमानी ताणात राहतात. रिकाम्या नळीवर घोडा पाडू नये, त्यासाठी मिळणारी लुटुपुटीची काडतुसे वापरावी. आणि जुने परवान्याचे पुस्तक, नव्या परवान्याची प्रत, ठेवीची पावती, कारागिराचा मापांचा अभिप्राय व शिक्क्यांची छायाचित्रे हे सर्व एका लखोट्यात घालून तो लखोटा बंदुकीजवळ नव्हे, तर घरातील जमिनीच्या उताऱ्यांबरोबर ठेवावा.